अमानत कुठवर जाते?

हर्सूलमधल्या आमच्या ओळखीच्या जवळपास प्रत्येक घराचा काही ना काही तपशील देशाबाहेर गेलेला आहे. कुणाचा मुलगा रियाधला एसी दुरुस्तीच्या कामावर आहे. त्याचा पासपोर्ट, आयटीआयचे प्रमाणपत्र आणि रक्ततपासणीचा अहवाल त्याच्याआधीच तिकडे पोहोचला होता. कुणाचे अब्बा-अम्मी उमरा करून आले. त्यांचे फोटो आणि पासपोर्टचे तपशील तिथल्या यंत्रणेत नोंदलेले आहेत. कुणाची मुलगी मोबाईलवर गणित शिकते, कुणी अडीअडचणीला मोबाईलवरूनच पाच हजारांचे कर्ज उचलले. आणि नमाजाच्या वेळा तर आता कितीतरी घरांत फोनच सांगतो.

वाचक भगिनी आम्हाला विचारतात, "आपली माहिती बाहेरच्या देशात जाते म्हणतात. ती थांबवायची कशी?" प्रश्न रास्त आहे. पण आमचे उत्तर थोडे वेगळे आहे. ती सगळी थांबवता येणार नाही, आणि सगळी थांबवूही नये. माहिती किती लांब गेली यापेक्षा, ज्या कामासाठी दिली त्याच कामापुरती ती वापरली गेली का, हे पाहायला हवे. नुकसान होते ते बहुतेक वेळा तिथे.

या वाहण्यावर चुली पेटतात

आधी ही माहिती जाते कशी ते पाहू. जेद्दाहला असलेल्या भावाशी आपण व्हिडिओवर बोलतो, तेव्हा ते बोलणे आकाशातून जाते अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ते मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत जमिनीतून जाते आणि तिथून समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून अरबी समुद्र ओलांडते. मुंबईला येणाऱ्या अशा केबलपैकी काही जेद्दाहच्या किनाऱ्यालाही लागतात. सप्टेंबर 2025 मध्ये जेद्दाहजवळ लाल समुद्रात यातल्या केबल तुटल्या, तेव्हा भारत, पाकिस्तान आणि संयुक्त अरब अमिराती, तिन्हीकडे इंटरनेट मंदावले होते.

याच मार्गाने रोजीही येते. परदेशात राबणाऱ्यांकडून सर्वांत जास्त पैसा येणारा देश भारत आहे. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार 2024 मध्ये ही रक्कम सुमारे 129 अब्ज डॉलर होती. रिझर्व्ह बँकेच्या 2023-24 च्या पाहणीत राज्यांमध्ये महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा, 20 टक्क्यांच्या आसपास निघाला. त्यातला एकेक रियाल आणि दिरहम घरी पोहोचतो तो पाठवणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे खाते, ओळखपत्राचा क्रमांक आणि रक्कम या माहितीच्या आधारावरच. माहिती अडली तर पैसा अडतो. पुण्याच्या आयटी कंपन्यांत काम करणारी आपल्या शहराची मुले-मुलीही परदेशी ग्राहकांची माहिती हाताळूनच पगार मिळवतात. उद्या प्रत्येक देशाने आपापल्या माहितीला कुलूप लावले, तर त्याची झळ आधी अशा घरांना बसेल.

आपल्या शहराला हे समजावून सांगायला नको. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर-ए-अंबरी बांधली, तेव्हा शहराच्या उत्तरेकडच्या, आपल्याच भागातल्या पाण्याने औरंगाबाद वसू शकले. पाणी वाहिलेच पाहिजे. पण त्या नहरीला जागोजागी उतरून पाहण्याची तोंडे होती आणि पाणी कोणत्या हौदात जाते ते ठाऊक होते. मोबाईलमधून वाहणाऱ्या माहितीला अशी तोंडे फार कमी आहेत. कारण सांगून घेतलेली माहिती भलत्याच कामाला लागते, तेव्हा काय होते, याची तीन उदाहरणे पाहू.

किबल्याची दिशा विचारली आणि

नोव्हेंबर 2020 मध्ये अमेरिकेतल्या 'मदरबोर्ड' या वृत्तसंस्थळाने एक बातमी दिली आणि जगभरच्या मुस्लिम घरांत खळबळ उडाली. 'मुस्लिम प्रो' हे अजानच्या वेळा आणि किबल्याची दिशा दाखवणारे ॲप तेव्हा 9 कोटी 80 लाखांहून जास्त वेळा डाउनलोड झालेले होते. ते चालवणारी कंपनी सिंगापूरची. बातमीत म्हटले होते की या ॲपमधून वापरणाऱ्यांच्या ठिकाणाची माहिती 'एक्स-मोड' नावाच्या अमेरिकन कंपनीकडे जात होती, ती कंपनी अशी माहिती कंत्राटदारांना विकत होती, आणि त्या कंत्राटदारांमार्फत ती अमेरिकी लष्करापर्यंत पोहोचत होती.

हे घडत कसे होते? एक्स-मोडसारख्या कंपन्या ॲप बनवणाऱ्यांना पैसे देतात आणि आपला एक छोटा प्रोग्राम त्यांच्या ॲपमध्ये घालायला सांगतात. तो प्रोग्राम फोन कधी, कुठे आहे हे सतत कळवत राहतो. त्यात आपले नाव नसते, असे सांगितले जाते. पण जो फोन रोज रात्री एका घरात असतो, फजरला एका मशिदीत असतो आणि दिवसभर एका दुकानात असतो, तो कुणाचा हे शोधायला नाव कशाला हवे?

ॲप चालवणाऱ्या कंपनीने आपण थेट लष्कराला माहिती विकल्याचा आरोप नाकारला. पण एक्स-मोडसह अशा सर्व भागीदारांशी संबंध तोडत असल्याचे लगेच जाहीर केले. पुढच्याच महिन्यात ॲपल आणि गुगल यांनी एक्स-मोडचा प्रोग्राम आपल्या फोनवरच्या ॲपमधून काढायला लावला. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या कंपनीला आणि तिच्या नव्या अवताराला संवेदनशील ठिकाणांची माहिती विकण्यास मनाई केली. दवाखाने आणि प्रार्थनास्थळे ही त्यातली ठिकाणे.

म्हणजे ॲप बनवले सिंगापूरच्या कंपनीने, नमाज पढणारा कुठल्याही देशातला, माहिती विकत घेणारी कंपनी अमेरिकेची. नमाजीने परवानगी दिली होती ती अजानची वेळ कळण्यासाठी. बाकीच्या प्रवासाची त्याला खबरही नव्हती. आपण हर्सूलमध्ये आहोत हे ॲपला कळणे यात गैर काही नाही. वेळ सांगायला तेवढे लागतेच. ते 'कळणे' पुढे विक्रीचा माल झाले, गैर ते होते.

कर्जासाठी दिलेले फोनबुक

दुसरे उदाहरण आपल्या दाराशी आलेले आहे. 2020 च्या लॉकडाऊननंतर झटपट कर्ज देणाऱ्या ॲपचा सुळसुळाट झाला. कागदपत्रे नकोत, जामीनदार नको, पाच मिनिटांत पैसे. अट एकच, फोनमधले संपर्क आणि फोटो पाहण्याची परवानगी द्यायची. हप्ता चुकला की त्याच यादीतल्या नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, मुलीच्या सासरच्यांना फोन जात. फोटोंशी छेडछाड करून बदनामी केली जाई. हैदराबाद पोलिसांनी अशा प्रकरणांचा तपास केला, तेव्हा काही टोळ्यांचे धागे चीनपर्यंत गेलेले आढळले. देशात अनेकांनी या छळापायी जीव दिला.

इथेही तेच. फोनबुक मागितले 'ओळख पटवण्यासाठी' आणि वापरले अब्रू वेठीला धरण्यासाठी. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये नियम केले: कर्जाच्या ॲपने फोनमधले संपर्क, फाइली, कॉलची यादी यांना हात लावायचा नाही, आणि कर्जदारांची माहिती भारतातल्याच सर्व्हरवर ठेवायची. आपल्या घरातल्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे. कर्ज देणारे ॲप संपर्काची यादी मागत असेल, तर ते नियम मोडते आहे, आणि तिथूनच परत फिरावे.

लसीच्या नावाखाली

तिसरे उदाहरण सर्वांत कडू आहे. 2011 मध्ये पाकिस्तानातल्या ॲबटाबाद शहरात हेपटायटिस-बी ची लस देण्याची एक मोहीम झाली. तिच्या आडून अमेरिकी गुप्तहेर संस्था सीआयए एका विशिष्ट घरातल्या मुलांचे डीएनए नमुने मिळवण्याचा प्रयत्न करत होती. ओसामा बिन लादेन त्या घरात आहे का, हे तिला पडताळायचे होते. बिन लादेनबद्दल कुणाला सहानुभूती असण्याचे कारण नाही. पण त्या लसीच्या सुईची किंमत पुढे गोरगरीब मुलांनी मोजली. बातमी फुटल्यावर पोलिओ डोस घेऊन येणाऱ्यांकडे हेर म्हणून पाहिले जाऊ लागले, काही भागांत डोसवर बंदी घातली गेली, लसीकरण करणाऱ्या कित्येक स्त्री-पुरुषांना गोळ्या घालण्यात आल्या. यापुढे लसीकरणाच्या मोहिमा हेरगिरीसाठी वापरणार नाही, असे अमेरिकेने 2014 मध्ये जाहीर केले. तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

त्याच सुमारास भारतात काय घडत होते? इथेही काही भागांत मुस्लिम घरांमध्ये पोलिओच्या डोसबद्दल शंका होत्या. पण उत्तर प्रदेशात मशिदींतून घोषणा झाल्या, इमामांनी स्वतः मुलांना डोस पाजले, मोहल्ल्यातल्याच बायका घरोघर गेल्या. जानेवारी 2011 नंतर देशात पोलिओचा नैसर्गिक रुग्ण सापडला नाही आणि मार्च 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. डोस तेच होते. फरक पडला तो दारात आलेल्या माणसावरच्या भरवशामुळे. हा भरवसा एका कामासाठी घेतलेल्या माहितीचा दुसऱ्याच कामासाठी केलेल्या वापराने एका दिवसात संपतो आणि परत कमवायला पिढी जाते.

अमानत म्हणजे तरी काय?

या तिन्ही गोष्टींसाठी आपल्याकडे जुना शब्द आहे: अमानतीत खयानत. अमानत म्हणजे केवळ सोने-नाणे नव्हे. कुणी विश्वासाने सांगितलेली गोष्टही अमानतच असते, हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांना मक्केचे लोक 'अल-अमीन' म्हणत; त्यांच्या जिवावर उठलेल्यांच्या ठेवीही त्यांच्याकडे सुरक्षित होत्या, आणि हिजरतच्या वेळी त्या ज्याच्या त्याला परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) यांना त्यांनी मागे ठेवले. दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय शिरू नका, कुणाच्या खासगी गोष्टी हुडकू नका, ही कुरआनची शिकवण तर आपल्याला पाठ आहे.

तेव्हा कुणी म्हणाले, "आपण काही चुकीचे करत नाही, मग लपवायचे काय?" तर त्याला सांगावे की दाराला पडदा चोरी लपवण्यासाठी लावत नाहीत. आणि ही शिकवण कंपन्यांनाच लागू होते असे नाही. उमरा टूर चालवणारा भाई ग्राहकांचे पासपोर्ट व्हॉट्सॲपवर इकडे-तिकडे पाठवतो, मदरशाची किंवा बचतगटाची यादी कुणी दुकानदाराला देतो, तेव्हा खयानत आपल्या मोहल्ल्यातच झालेली असते.

कायदा काय म्हणतो

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने 2018 मध्ये कायद्याचा मसुदा दिला. लोकांच्या माहितीची एक प्रत तरी भारतात राहावी, अशी त्यात शिफारस होती. रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी एप्रिलमध्ये पैशांच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश काढला होता. तो पाळला नाही म्हणून जुलै 2021 पासून मास्टरकार्डला नवे ग्राहक घेण्यास बंदी झाली. पूर्तता झाल्यावर जून 2022 मध्ये ती उठली. 29 जून 2020 रोजी टिकटॉकसह 59 चिनी ॲपवर बंदी आली, तेव्हाही माहिती देशाबाहेरच्या सर्व्हरवर नेली जात असल्याचे कारण सरकारने दिले होते. त्या एका रात्रीत गावोगावच्या हौशी कलाकारांची कमाईही बंद पडली, हेही विसरू नये. कुलूप लावायलाही किंमत पडते.

शेवटी 2023 च्या ऑगस्टमध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर 18 महिन्यांनी लागू व्हायची आहेत. या कायद्याने प्रत भारतातच ठेवण्याची सरसकट सक्ती केलेली नाही. सरकार ज्या देशांना मनाई करील ते सोडून माहिती बाहेर जाऊ शकते. पण आपल्या उपयोगाच्या चार गोष्टी त्यात आहेत. माहिती कशासाठी हवी हे साध्या शब्दांत सांगून संमती घ्यावी लागेल, आणि ती सूचना मराठीत किंवा उर्दूतही मिळाली पाहिजे. आपली माहिती आणखी कुणाकुणाला दिली, हे विचारण्याचा हक्क आहे. काम संपल्यावर ती पुसून टाका, असे सांगता येते. आणि 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती आई-बापांच्या पडताळलेल्या संमतीशिवाय घेता येणार नाही. माहितीची सुरक्षा नीट न राखणाऱ्या कंपनीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. भारतातल्या लोकांना सेवा देणाऱ्या परदेशी कंपनीलाही हा कायदा लागू आहे.

एक उणीव मात्र मोठी आहे. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी सरकार आपल्याच यंत्रणांना या कायद्यातून सूट देऊ शकते. माहिती सीमेच्या आत राहिली म्हणजे ती आपोआप सुरक्षित झाली, असे मानणे म्हणूनच भाबडेपणाचे आहे. युरोपने वेगळा धडा घालून दिला आहे. युरोपातल्या लोकांची माहिती अमेरिकेत नेताना तिथल्या सरकारी पाळतीपासून संरक्षण नाही, या मुद्द्यावर त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 आणि 2020 मध्ये दोन करार रद्द केले, आणि 2023 मध्ये फेसबुकच्या मूळ कंपनीला 1.2 अब्ज युरोंचा दंड झाला. याची सुरुवात झाली ती ऑस्ट्रियातल्या एका कायद्याच्या विद्यार्थ्याने केलेल्या तक्रारीतून. एका माणसाने कागदावर विचारलेला प्रश्न किती लांब जाऊ शकतो, हे यातून दिसते.

आपल्या हातात काय आहे

सगळे आपल्या हातात नाही, पण बरेच आहे. आम्ही घराघरांत सुचवतो ते असे.

नमाजाच्या ॲपला 'ठिकाण' पाहण्याची कायमची परवानगी देऊ नका. सेटिंगमध्ये शहराचे नाव एकदा हाताने लिहा. वेळा बरोबर येतात. हर्सूलहून किबला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे आणि तो रोज बदलत नाही. मशिदीतले दायमी वेळापत्रक तर कुणालाच काही कळवत नाही.

उमरा किंवा नोकरीच्या एजंटाला कागद देताना तीन प्रश्न विचारा: हे कुणाकुणाकडे जाणार, काम झाल्यावर पुसणार का, आणि चूक झाली तर जबाबदार कोण? त्याच्याकडे राहणाऱ्या झेरॉक्सवर 'फक्त उमरा व्हिसासाठी' असे लिहून तारीख घाला. आधारची प्रत द्यावीच लागली, तर शेवटचे चारच आकडे दिसणारी 'मास्क्ड' प्रत चालते का ते आधी विचारा. ती आधारच्या संकेतस्थळावरून मोफत मिळते.

मुलांच्या अभ्यासाच्या आणि खेळाच्या ॲपच्या परवानग्या महिन्यातून एकदा मुलांना शेजारी बसवून तपासा. पाढे शिकवणाऱ्या ॲपला संपर्कांची यादी कशाला हवी, हे मुलालाच विचारा. त्याचे उत्तर तुमच्यापेक्षा चोख असेल.

फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प बसू नका. 1930 या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करा. पैसे गेले असतील तर पहिले काही तास मोलाचे असतात. घरातल्या सुनेने किंवा मुलीने असे काही सांगितले, तर आधी तिला धीर द्या आणि 'कुणी सांगितले होते' हा प्रश्न नंतरसाठी ठेवा. कर्जाच्या ॲपवाल्यांची सगळी ताकद आपल्या या भीतीवरच चालते.

आणि शेवटचे, मोहल्ल्यासाठी. मशीद, मदरसा, शाळा, पतसंस्था, टूरवाले, दवाखाना या प्रत्येक ठिकाणी लोकांच्या नावांच्या वह्या आणि यादीच्या फाइली असतात. त्या कुणाच्या ताब्यात आहेत, किती दिवस ठेवायच्या आणि कुणाला दाखवायच्या, याचे चार ओळींचे नियम प्रत्येक कमिटीने करून भिंतीवर लावावेत. सिंगापूर किंवा अमेरिकेतल्या कंपनीकडून अमानतीची अपेक्षा करण्याआधी ती आपल्या कपाटापासून सुरू झालेली बरी. पुढच्या जुम्याला कमिटीच्या बैठकीत हा विषय निघाला, तर आम्हाला कळवा. तुमचे नियम आम्ही इतर वाचकांपर्यंत पोहोचवू, अर्थात तुमची संमती असेल तरच.